समुद्राला सातबारा नसतो: नाट्याची जेटी, रोमची बैठक आणि मधली युनियन

(भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली 'म्हणजे'ची गर्दी थोडी कमी केली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि आमच्या गावासारखी रेंज असल्यामुळे ऑडिओ सोडून थेट इथे वाचायला येणाऱ्यांनाही. नवीन असाल तर ओळख करून देतो. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, गाव नाटे, तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी. हातात कोड, डोक्यात बांगडा, असं आमचं चाललेलं असतं.

मागच्या भागाखाली एका श्रोत्यानं प्रश्न टाकला होता. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय तो. त्याचं म्हणणं असं की शाश्वत विकास, आंतरराष्ट्रीय सहकार्य वगैरे धड्यांत 'कामगार संघटनांची भूमिका' असा एक मुद्दा येतो. तो पाठ होतो, पेपरात लिहिताही येतो, पण प्रत्यक्षात कामगार संघटना तिथे करते काय? मोर्चा काढायचा तो कंपनीच्या गेटवर. संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीत युनियनचं काय काम?

प्रश्न मला आवडला, कारण त्याचं उत्तर मला पुस्तकात सापडलं नाही, आमच्या जेटीवर सापडलं. म्हणून आजचा भाग मासेमारीवर.

आधी आमच्या गावाची एक गोष्ट सांगतो, जी तुम्ही बातम्यांत ऐकली असेल. जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प. नाव जैतापूरचं, जागा माडबनची, आणि खाडीच्या या अंगाला आम्ही. फ्रेंच तंत्रज्ञानाच्या सहा अणुभट्ट्या, प्रत्येकी १६५० मेगावॅट, एकूण ९९०० मेगावॅट. डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष सार्कोझी भारतात आले तेव्हा करार झाला. १८ एप्रिल २०११ ला नाट्यात आंदोलन पेटलं, पोलिसांनी गोळीबार केला आणि आमच्याच भागातला एक तरुण मच्छीमार त्यात गेला. मी तेव्हा शाळेत होतो. आज इतक्या वर्षांनी तिथे अणुभट्टी उभी नाही, आणि प्रकल्प रद्दही झालेला नाही.

अणुऊर्जा चांगली की वाईट हा आजचा विषय नाही, त्यावर कमेंटमध्ये भांडू नका. मला दुसरंच दाखवायचं आहे. माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे या गावांच्या जमिनी गेल्या. त्यांचा सातबारा होता. सातबारा होता म्हणून नोटीस आली, मोबदला ठरला, मोबदला कमी वाटला तेव्हा भांडून तो वाढवूनही घेता आला. अणुभट्टी थंड ठेवायला समुद्राचं पाणी घेणार आणि कोमट करून परत समुद्रात सोडणार. त्या पाण्यात जाळं टाकणारे साखरी नाट्याचे मच्छीमार. त्यांच्याकडे कागद कुठला? होडीचं रजिस्ट्रेशन, मासेमारीचा परवाना, सोसायटीचं पुस्तक. समुद्राला सातबारा नसतो. पिढ्यान्‌पिढ्या जिथे जाळं टाकलं ती जागा तुमची आहे हे दाखवणारा एकही उतारा तलाठ्याकडे मिळत नाही.

आता हा प्रश्न फक्त नाट्याचा नाही. केरळ, श्रीलंका, सेनेगल, ब्राझील, जिथे जिथे लहान होडीवाला आहे तिथे तो आहे. आणि मच्छीमारांच्या युनियननी गेली चाळीसेक वर्षं आंतरराष्ट्रीय पातळीवर जे काही केलं, ते थोडक्यात सांगायचं तर या नसलेल्या सातबाऱ्याच्या जागी काहीतरी लेखी मिळवायची धडपड आहे.

इथे कोणीतरी हात वर करेल: मच्छीमाराची युनियन कशी असेल? त्याचा मालक कोण? तो स्वतःच होडीचा मालक. संप कुणाविरुद्ध करणार, बांगड्याविरुद्ध?

शंका बरोबर आहे, आणि सरकारी खात्यालाही हीच पडायची. अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेला १९७२ साली युनियन म्हणून नोंदणी मिळवताना हेच ऐकायला लागलं होतं की तुमच्या बायकांना मालकच नाही, मग युनियन कसली? त्यांचं उत्तर होतं की युनियन मालकाविरुद्ध असावी लागत नाही, कष्टकऱ्यांच्या एकीसाठी असू शकते. नोंदणी मिळाली. मच्छीमारांच्या राज्याराज्यांतल्या संघटनांनी १९७८ मध्ये एक राष्ट्रीय मंच उभा केला. १९८५ मध्ये त्याचीही ट्रेड युनियन कायद्याखाली नोंदणी झाली. आज त्याला आपण नॅशनल फिशवर्कर्स फोरम म्हणतो. नावाकडे बघा. आधी 'फिशरमेन' होतं, नंतर 'फिशवर्कर्स' झालं. कारण मासे फक्त पुरुष आणि होडी मिळून होत नाहीत. पाटी डोक्यावर घेऊन राजापूरच्या बाजारात जाणारी बाई, सुकटीला ऊन दाखवणारी बाई, जाळी विणणारा म्हातारा, हे सगळे त्यात आले.

आमच्याकडे तीन शब्द एकमेकांत मिसळतात म्हणून पटकन फरक सांगतो. सोसायटी म्हणजे सहकारी संस्था, ती डिझेल, बर्फ, अनुदान बघते. कृती समिती म्हणजे एखाद्या प्रश्नावर एकत्र आलेले लोक, प्रश्न संपला की बरेचदा समितीही झोपते. युनियन म्हणजे कायद्यानं नोंदवलेली, सभासद असलेली, हिशोब द्यावा लागणारी कायमची संघटना. आंतरराष्ट्रीय बैठकीत खुर्ची मिळते ती बहुधा तिसऱ्या प्रकाराला, कारण तिथे पहिला प्रश्न असतो: तुम्ही किती जणांच्या वतीनं बोलताय?

बरं, मग ही खुर्ची लागली कशाला? त्यासाठी १९५२ मध्ये जाऊ.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रं यांच्यात एक करार झाला. केरळात कोल्लमजवळ नींदकरा परिसरात मासेमारी सुधारायची. नॉर्वेच्या सरकारी परदेशी मदतीचा हा अगदी पहिला प्रकल्प. हेतू नेक होता: चांगल्या होड्या, बर्फ, आरोग्य केंद्र, पिण्याचं पाणी. पण होड्यांना इंजिनं आली, मागून ट्रॉलिंग आलं, कोळंबीला परदेशात भाव मिळाला, आणि पैसा ज्यांच्याकडे होता ते बाहेरून येऊन ट्रॉलरमध्ये गुंतवायला लागले. ज्याच्यासाठी प्रकल्प आणला तो किनाऱ्यावरचा मच्छीमार बघत राहिला. पुढे पश्चिम किनाऱ्यावर जिकडेतिकडे हेच झालं. ट्रॉलर तळ खरवडत किनाऱ्यापर्यंत यायचे, लहान होड्यांची जाळी फाडून जायचे.

आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतात ते हेच. पैसा होता, तज्ज्ञ होते, दोन सरकारं होती. मच्छीमाराची संघटना टेबलावर नव्हती. ती असती तर कोळंबीची लाट आलीच नसती असं मी म्हणत नाही. पण ट्रॉलर किनाऱ्यापासून किती लांब राहणार, हा प्रश्न कोणीतरी पहिल्याच बैठकीत विचारला असता. आमच्या धंद्यात याला रिक्वायरमेंट न घेता कोड लिहिणं म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये त्यानं फार तर रिलीज बोंबलतं.

प्रश्न विचारला गेला तो रस्त्यावर. गोव्यात रापणकारांनी. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी माणसं ओढतात ते लांबलचक जाळं, आमच्याकडेही होतं. मातान्ही साल्ढाणा नावाचे शिक्षक, पुढे ते आमदार आणि मंत्रीही झाले, त्यांच्या पुढाकारानं सत्तरच्या दशकात रापणकारांचा एकवट उभा राहिला. केरळात तेच, तमिळनाडूत तेच. याच आंदोलनांच्या रेट्यातून किनारी राज्यांनी कायदे केले. गोवा आणि केरळ १९८०, महाराष्ट्र १९८१. आपला सागरी मासेमारी नियमन कायदा तो हाच. आणि पावसाळ्यात बोटी जेटीला लागतात ना, १ जून ते ३१ जुलै? आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाण्याचा रिवाज जुना, पण ट्रॉलरलाही लागू होणारी सरकारी बंदी पहिल्यांदा १९८८ मध्ये केरळात आली, तीही तिथल्या मच्छीमार युनियनच्या कितीतरी वर्षांच्या उपोषणांनंतर. लहानपणापासून आपल्याला वाटतं की बंदी म्हणजे पावसाळ्यासारखी आपोआप येते. ती कोणीतरी मागून घेतलेली आहे.

आता रोम. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, म्हणजे एफएओ, तिचं मुख्यालय तिथे. १९८४ मध्ये तिनं मत्स्यव्यवसायावर जागतिक परिषद बोलावली. मंत्री आले, शास्त्रज्ञ आले. मासे पकडणाऱ्यांना बोलावणं नव्हतं. मग तीसहून जास्त देशांतले मच्छीमार आणि त्यांचे पाठीराखे त्याच शहरात जमले आणि त्यांनी स्वतःची समांतर परिषद भरवली. यात भारतातले लोक पुढे होते. तिथून पुढे दोन वर्षांनी, १९८६ मध्ये, तिरुवनंतपुरमला आयसीएसएफ ही संस्था निघाली. ती युनियन नव्हे, युनियनना अभ्यास, भाषांतर, कायद्याची माहिती पुरवणारी संस्था. माझ्या मते या सगळ्या कथेत हिचं काम सगळ्यात कमी दिसतं आणि सगळ्यात जास्त टिकलं.

नव्वदीत मोठी परीक्षा झाली. १९९१ मध्ये केंद्रानं खोल समुद्रात परदेशी कंपन्यांबरोबर संयुक्त बोटींना परवाने द्यायचं धोरण आणलं. त्याविरुद्ध सगळ्या किनाऱ्यावर मासेमारी बंद ठेवण्याचे संप झाले. गंमत अशी की यात पारंपरिक होडीवाले आणि ट्रॉलरमालक एका बाजूला उभे राहिले, जे एरवी एकमेकांची जाळी कापायचे. नेतृत्व होतं थॉमस कोचेरी यांचं, केरळचे धर्मगुरू, शिवाय वकील. १९९५ मध्ये पोरबंदरला त्यांनी उपोषण केलं, मुरारी समिती नेमली गेली, तिनं १९९६ मध्ये २१ शिफारशी दिल्या आणि ते धोरण गुंडाळावं लागलं. या विजयाच्या जोरावर २१ नोव्हेंबर १९९७ ला दिल्लीत जगभरच्या मच्छीमार संघटनांचा एक जागतिक मंच स्थापन झाला. जागतिक मत्स्य दिन २१ नोव्हेंबरला असतो तो यामुळे. आपल्याकडे त्या दिवशी अधिकारी हार घालून फोटो काढतात. त्यातल्या किती जणांना माहीत असेल की ही तारीख सरकारविरुद्ध जिंकलेल्या लढ्यातून आली आहे?

सगळं गोडीगुलाबीनं चाललं असं नाही. २००० साली फ्रान्सच्या ब्रिटनी भागात लोक्तुदी नावाच्या बंदरात या मंचाची सभा झाली आणि तिथेच तो फुटला. एकाचे दोन झाले. प्रतिनिधित्व कसं ठरवायचं यावरून भांडण. कॅनडाचा मच्छीमार आणि बांगलादेशचा मच्छीमार, दोघांचे प्रश्न एका ठरावात बसवणं सोपं नाही. आणि एक आडवळण घेतो, कारण मला ते लिहिल्याशिवाय राहवत नाही: लोक्तुदी ज्या फिनिस्तेर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात प्लोगॉफ नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. तिथेही अणुऊर्जा प्रकल्प यायचा होता. १९८० मध्ये तिथल्या लोकांनी मोठं आंदोलन केलं आणि १९८१ मध्ये अध्यक्ष मित्तराँ निवडून आल्यावर तो रद्द झाला. आमच्या गावातल्या कुणाला मी हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो: मग त्यांच्याकडे रद्द झालेलं आमच्याकडे कसं आलं?

असो. फुटल्यावरही दोन्ही मंच, आयसीएसएफ आणि इतर संघटना एका कामासाठी एकत्र राहिल्या. ते काम म्हणजे लहान मच्छीमारांसाठी जागतिक मार्गदर्शक तत्त्वं. मसुदा बंद खोलीत झाला नाही, देशोदेशी बैठका घेऊन चार हजारांवर लोकांशी बोलून झाला. जून २०१४ मध्ये रोमला एफएओच्या मत्स्यव्यवसाय समितीनं ती मान्य केली. भारत सरकारनंही. ही तत्त्वं चंद्रिका शर्मा यांच्या स्मृतीला अर्पण केलेली आहेत. त्या आयसीएसएफच्या कार्यकारी सचिव, चेन्नईत राहायच्या. मार्च २०१४ मध्ये एफएओच्याच बैठकीसाठी मंगोलियाला निघाल्या होत्या आणि त्यांचं विमान होतं एमएच ३७०. तत्त्वं मंजूर व्हायला तीन महिने राहिले होते.

त्यात लिहिलंय काय? बरंच आहे, पण आपल्या सातबाऱ्यापुरतं सांगतो. लहान मच्छीमारांचे पाण्यावरचे आणि किनाऱ्यावरचे परंपरागत हक्क, कागदावर नोंदलेले नसले तरी, सरकारांनी मान्य करावेत. मोठा प्रकल्प आणण्याआधी मच्छीमार समाजाशी खरी चर्चा करावी आणि त्याच्या परिणामांचा अभ्यास करावा. बायकांना निर्णयात स्थान असावं. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१५ मध्ये, ज्याला आपण एसडीजी म्हणतो ती १७ उद्दिष्टं आली. त्यातलं १४ वं समुद्राचं, आणि त्यात '१४ ब' असं एक कलम आहे: लहान, पारंपरिक मच्छीमारांना सागरी संपत्ती आणि बाजारपेठ मिळाली पाहिजे. प्रत्येक देश हे कितपत करतो हे मोजायचा निर्देशांकही आहे, आणि तो कायद्यात मच्छीमाराचा हक्क मान्य आहे का हे बघतो. तर मंडळी, पाठ करताना जी ओळ तुम्ही झरझर पुढे नेता ती इथून आली.

या तत्त्वांना 'ऐच्छिक' म्हणतात. नाही पाळली तर रोमहून कोणी दंड करायला येत नाही. म्हणून आमच्याकडचे लोक हसतात. मी हसत नाही, पण फार भाबडाही नाही. ऐच्छिक कागदाची किंमत तो पुढे करणाऱ्यावर ठरते. जनसुनावणीत 'आमच्यावर अन्याय होतोय' म्हणणं वेगळं, आणि 'तुम्हीच २०१४ मध्ये रोमला हे मान्य केलंय, हे बघा' म्हणणं वेगळं. दुसरं वाक्य बोलायला कोणीतरी तो कागद वाचलेला, मराठीत आणलेला, फाइलला लावलेला लागतो. ते काम एकट्या चाचांचं नाही, संघटनेचं आहे.

आता दुसरा दरवाजा. रोमच्या आधीपासून एक दरवाजा युनियनसाठी उघडा होता, जिनिव्हात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना, आयएलओ, स्थापना १९१९. संयुक्त राष्ट्रांच्या कुटुंबात ही एकटी अशी की जिथे सरकारांबरोबर मालक आणि कामगार यांनाही मत असतं. प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी: सरकारचे दोन, मालकांचा एक, कामगारांचा एक. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला पहिली परिषद झाली तेव्हा भारताच्या कामगारांचे प्रतिनिधी होते नारायण मल्हार जोशी. आपल्या कोकणातलेच, गोरेगाव, आताचा रायगड जिल्हा. पण ते सरकारनं नेमलेले होते. कामगारांचा माणूस सरकारनं का निवडावा, असा प्रश्न आला. निवडायला देशव्यापी संघटनाच नव्हती. १९२० मध्ये मुंबईत आयटक स्थापन झाली त्यामागे हे एक मोठं कारण होतं. उलटा प्रवास बघा: आपल्याला वाटतं आधी गावात संघटना होते, मग ती परदेशात जाते. इथे परदेशातल्या खुर्चीमुळे देशात संघटना झाली.

याच आयएलओमध्ये २००७ साली मासेमारीतल्या कामाबद्दलचा १८८ क्रमांकाचा करार झाला, तो १६ नोव्हेंबर २०१७ ला अमलात आला. भारतानं तो स्वीकारलेला नाही. हा करार माझ्या मते आमच्या जेटीसाठी जैतापूरइतकाच महत्त्वाचा आहे, आणि आमच्याकडे त्यावर कोणी बोलत नाही. का बोलत नाही ते सांगतो, थोडं झोंबेल.

यांत्रिक बोटीवर मालक असतो, तांडेल असतो, खलाशी असतात. रत्नागिरी जिल्ह्यात आज खलाशी बरेचसे नेपाळचे. त्यांच्याशिवाय बोट सुटत नाही हे प्रत्येक मालक मान्य करेल. त्यांना कागद कुठला? बहुतेकांना कसलाच नाही. १८८ वा करार म्हणतो: लेखी करार हवा, साधारण १६ वर्षांखालचं पोरगं नको, तीन दिवसांहून जास्त समुद्रात असाल तर दिवसाला किमान १० तास विश्रांती, बोटीवर औषधोपचाराची सोय. आणि व्याख्येतच लिहिलंय की पगाराऐवजी माशाच्या वाट्यावर काम करणारासुद्धा कामगारच. वाटा म्हणजे आपली पद्धत. जिनिव्हात बसून लिहिणाऱ्यांना ती माहीत होती, कारण तिथे मच्छीमारांच्या युनियन हजर होत्या.

म्हणजे जो मच्छीमार 'समुद्राला सातबारा नाही म्हणून आमचं कोणी ऐकत नाही' म्हणतो, त्याच्याच बोटीवर असा माणूस आहे ज्याच्याकडे कराराचा एक चिठोरासुद्धा नाही. आमची 'मच्छीमार एकजूट' बहुतेक वेळा मालकांची एकजूट असते.

थायलंडचं उदाहरण इथे बघण्यासारखं आहे. तिथल्या बोटींवर म्यानमार आणि कंबोडियाचे खलाशी. वेठबिगारीच्या बातम्या जगभर आल्या, २०१५ मध्ये बेकायदा मासेमारीवरून युरोपीय संघानं पिवळं कार्ड दाखवलं. थाई कायद्यानं स्थलांतरितांना स्वतःची युनियन नोंदवता येत नाही. मग आयटीएफ या आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघानं मदत करून खलाशांचं एक जाळं उभं केलं, बंदरावर औषधपेट्या वाटण्यापासून सुरुवात. जानेवारी २०१९ मध्ये थायलंडनं १८८ वा करार स्वीकारला, आशियात पहिलाच. बाहेरच्या बाजारपेठेचा दाब आणि आतली संघटना, दोन्ही लागलं.

औषधपेटीवरून आपल्या मुंबईचं आठवलं. दारूखान्यात जहाजं तोडतात. तिथल्या कामगारांमध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टच्या गोदी कामगारांच्या एका युनियननं २००३ च्या सुमाराला काम सुरू केलं, पुढे गुजरातच्या अलंगपर्यंत नेलं. पाठीशी आंतरराष्ट्रीय धातू कामगार महासंघ आणि नेदरलँड्सची एफएनव्ही ही युनियन. तिथेही सुरुवात घोषणांनी झाली नाही. पिण्याचं पाणी, प्रथमोपचार, ओळखपत्र. अंगावर लोखंड पडलं तर हा माणूस कोण हे तरी कळावं. दुसऱ्या बाजूला जहाजतोडणीवरचा हाँगकाँग करार २००९ मध्ये झाला, भारतानं २०१९ मध्ये स्वीकारला आणि २६ जून २०२५ ला तो लागू झाला. युनियनचं आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे नेमकं काय, तर एका टोकाला पाण्याचा नळ आणि दुसऱ्या टोकाला करार, आणि दोन्ही टोकं एकाच संघटनेच्या हातात.

पैशाचा प्रश्न येतोच. डच कामगाराच्या वर्गणीतून किंवा त्यांच्या सरकारच्या निधीतून आलेला पैसा आपल्याकडे लगेच संशयाचा होतो, शिवाय त्याला एफसीआरएची परवानगी लागते. थॉमस कोचेरींना अमेरिकेतली प्यू फेलोशिप मिळाली होती, दीड लाख डॉलर. प्यूचा पैसा मुळात तेल कंपनीचा, म्हणून त्यांनी ती नाकारली. मला हे पटतं आणि पटत नाही. पटतं, कारण पैसा घेतला की विषय देणाऱ्याचे होतात. पटत नाही, कारण वर्गणीवर चालणाऱ्या युनियनकडे रोमचं तिकीट काढायला पैसे नसतात, आणि मग तिच्या वतीनं एखादी चकचकीत संस्था बोलून येते.

आणखी एक गुंता आहे, तो लपवून चालणार नाही. जगातले कामगार एक व्हा म्हणणं सोपं. जैतापूरची फ्रेंच कंपनी आता ईडीएफ. तिच्यात सीजीटी ही युनियन जुनी आणि जोरदार, आणि ती अणुऊर्जेच्या बाजूची, कारण तिच्या हजारो सभासदांची चूल त्यावर पेटते. २०१६ मध्ये इंग्लंडच्या हिंक्ली पॉइंट प्रकल्पाला ईडीएफमधल्या युनियननी विरोध केला होता, पण तो कंपनी कर्जात बुडेल या भीतीनं. त्यांनी व्यवस्थापनाकडे कागदपत्रं मागितली, प्रकरण कोर्टात नेलं. नाट्याच्या मच्छीमाराला या युनियनकडून 'प्रकल्प रद्द करा' हे मिळणार नाही. पण 'आकडे दाखवा' या मागणीत दोघे एकत्र येऊ शकतात. माझ्या माहितीत असा पत्रव्यवहार कुणी केलेला नाही. करून बघायला काही हरकत नाही, ईमेलला डिझेल लागत नाही.

डिझेलवरून शेवटचा मुद्दा, घाईत सांगतो. मच्छीमारांना डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो, तो थकला की सोसायटीत बोंबाबोंब होते. जागतिक व्यापार संघटनेत जून २०२२ मध्ये मासेमारीच्या अनुदानांवर करार झाला, तो सप्टेंबर २०२५ मध्ये लागू झाला. सध्याचा भाग मुख्यतः बेकायदा मासेमारी आणि आधीच संपत आलेले मासे यांच्याबद्दल आहे. खरी भांडणं पुढच्या भागावर आहेत: बोटींची संख्या आणि ताकद वाढवणारी अनुदानं. त्यात डिझेल येतं. युरोपातली दूरवर जाणारी अजस्र बोट आणि नाट्याची गिलनेटची होडी एकाच रांगेत उभी करायची का, हा तिथला वाद. आपलं सरकार लहान मच्छीमारांसाठी २५ वर्षांची सवलत मागतं. ठीक. पण तीच सवलत किनाऱ्यालगत येणाऱ्या पर्ससीनलाही द्यायची का? महाराष्ट्रानं फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर मर्यादा घातल्या, केंद्रानं नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी दिवे लावून मासेमारीवर बंदी आणली, २०२१ मध्ये राज्यानं १९८१ च्या कायद्यात दंड वाढवले. तरी रात्री जेटीवर उभं राहिलात तर समुद्रात दिवे कुठे लागलेत ते दिसतं. 'लहान मच्छीमार' म्हणजे कोण, किती लांबीची होडी, कुठलं जाळं, मालक स्वतः जातो की नाही, ही व्याख्या जिनिव्हात ठरण्याआधी आपल्या तालुक्यात ठरायला हवी. रोमच्या तत्त्वांनी मुद्दाम व्याख्या दिलेली नाही, प्रत्येक देशानं लोकांशी बोलून ठरवावी म्हणून.

तर ज्या श्रोत्यानं प्रश्न विचारला त्याला: पेपरात '१४ ब' आणि '१८८' हे दोन आकडे लिहा, मार्क मिळतील. आणि ज्यांची बोट आहे त्यांना एक काम सांगतो, पावसाळी बंदीत करता येईल असं. खलाशाला हंगामासाठी ठेवताना एका कागदावर त्याचं नाव, गाव, घरच्यांचा फोन, वाटा किंवा पगार, आगाऊ दिलेली रक्कम आणि आजारी पडला तर खर्च कोणाचा, एवढं लिहा. मराठीत आणि नेपाळीत. मी दोन्ही भाषांतला एक पानी नमुना करून ठेवला आहे, फोनवर भरता येईल असा. आमच्या शेजारच्या चाचांनी तो बघितला, "आगाऊची ओळ वरती घे, भांडण तिथेच होतं" म्हणाले. वरती घेतली आहे. लिंक भागाच्या खाली आहे.